हिरव्या पानाच्या कामाची मोजणी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत मुलांना व घरच्या वडीलधाऱ्यांना सारखेच उपयोगी पडेल असे काहीतरी शास्त्रीय विषयावर लिहावे, अशी चिटणीसांची सूचना आली. सतवास व आसपासच्या गावांत मिळून माझी तीस वर्षे शास्त्र शिकविण्यात गेली. तेव्हा विषयांची वाण नव्हती. परंतु ज्या एका प्रयोगाने मला, म्हणजे शिकविणाऱ्याला, चांगलाच धडा दिला तोच निवडावा असे ठरविले. हिरवे पान सूर्यप्रकाशात अन्न तयार करते हे आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत घोकलेले आहे. ते किती वेगाने तयार करते, आणि हा वेग वर्गात बसून मोजता येतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पान हवेतून अगर पाण्यातून कर्बवायू घेते, मुळांतून आलेले पाणी घेते, आणि हरितद्रव्याने पकडलेल्या प्रकाशाच्या बळावर त्यांची साखर करते. या कामात प्राणवायू मोकळा होतो. साखर पानाच्या आत राहते. ती डोळ्यांना दिसत नाही व मोजणेही सोपे नाही. प्राणवायू मात्र बाहेर पडतो, आणि वनस्पती पाण्यातली असेल तर बुडबुड्यांच्या रूपाने दिसतो. 1771 साली इंग्लंडात जोसेफ प्रीस्टले याने मेणबत्तीने खराब झालेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली आणि काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागल्याचे पाहिले. पुढे 1779 मध्ये यान इंगेनहाउस या डच वैद्याने दाखविले की हे काम फक्त हिरवे भाग करतात आणि तेही फक्त उजेडात. त्याने पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली व त्यांवर जमणारे बुडबुडे पाहिले. आपल्या वर्गातील प्रयोग म्हणजे त्या पद्धतीचाच वंशज होय.

साहित्य असे. तळ्यात किंवा नाल्याच्या डोहात वाढणारी हायड्रिला नावाची वनस्पती. लोक तिला सरसकट शेवाळ म्हणतात, पण तिला खोड आहे, पाने आहेत, बारीक फूलही येते. तिची बोटभर लांब, टवटवीत डहाळी घ्यावी, पाण्यातच तिरकी कापावी, आणि कापलेले टोक वर येईल अशा रीतीने उंच काचपात्रात उलटी सोडावी. वर दिवा लावला की थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून एकामागून एक, माळेतील मण्यांसारखे बुडबुडे निघू लागतात. मिनिटाला किती ते मोजावे. दिवा जवळ-दूर करून पुन्हा मोजावे. प्रत्येक वेळी दिवा हलविल्यावर पाच मिनिटे थांबावे, नंतर तीनदा मोजून सरासरी काढावी. झाला प्रयोग.

झाला असे म्हणतो खरे, पण यात इतक्या ठिकाणी फसगत आहे की पाठ्यपुस्तकातली चार ओळींची कृती वाचून कोणाला त्याची कल्पना यावयाची नाही.

पहिली फसगत उष्णतेची. पूर्वी आम्ही शंभर वॅटचा तारेचा दिवा वापरीत असू. तो पात्रापासून वीतभर अंतरावर आणला की पाणी तापत असे. पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा आपोआप सुटते व तिचे बुडबुडे होतात. चहाच्या आधणात उकळी येण्याच्या पुष्कळ आधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे चिकटलेले गृहिणींनी रोज पाहिले आहेत, तेच हे. मुले ते सर्व बुडबुडे वनस्पतीच्या खाती मांडीत. यावर उपाय दोन. दिवा व पात्र यांच्यामध्ये पाण्याने भरलेली चपटी काचेची पेटी ठेवावी, म्हणजे उष्णता तिथेच अडते व उजेड पुढे जातो. दुसरे असे की शेजारी तशाच पात्रात उकळून मारलेली डहाळी ठेवावी. तिच्यातून जे काही बुडबुडे निघतील ते पाण्याचे समजावे. आता एलईडी दिवे आले आहेत, ते पुष्कळ कमी तापतात, म्हणून ही अडचण बरीच हलकी झाली आहे. मे महिन्यात मात्र दिव्याची गरज न पडताच आमच्याकडचे पाणी तापलेले असते.

दुसरी फसगत पाण्याची. घरातील आरओचे शुद्ध पाणी अगर उकळून गार केलेले पाणी घेतले तर बुडबुडे फारच थोडे येतात, आणि मुले समजतात डहाळी मेली. तिला कर्बवायूच मिळत नाही, बिचारी करणार काय! आपल्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी जड असते, त्यात बायकार्बोनेट विरघळलेले असते. हायड्रिलाला ते चालते, म्हणून विहिरीच्या पाण्यात ती चांगली काम करते. एका दिवशी एक पाणी व दुसऱ्या दिवशी दुसरे पाणी घेऊन केलेल्या मोजणीची तुलना करू नये.

तिसरी गोष्ट विजेची. त्या काळी सायंकाळी आमच्याकडे व्होल्टेज इतके खाली येई की दिव्याची तार नुसती लालसर दिसे. दिवा जागचा हलविला नाही तरी बुडबुडे निम्मे होत. आता ती स्थिती तितकीशी राहिली नाही.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे वनस्पतीही आपल्याप्रमाणे रात्रंदिवस श्वसन करते, प्राणवायू वापरते. मंद उजेडात ती जितका प्राणवायू करते तितकाच खर्चून टाकते, आणि बुडबुडा एकही येत नाही. तेव्हा बुडबुडा नाही म्हणून काम बंद आहे असे म्हणता येत नाही. जे बाहेर दिसते ती खर्च वजा जाता उरलेली शिल्लक असते, हे दुकानदारी करणाऱ्या आपल्या सभासदांना वेगळे सांगावयास नको.

आता मी माझ्या चुकीकडे येतो. 1984 च्या डिसेंबरातील गोष्ट. मी तेव्हा ज्या शाळेत होतो तेथील दहावीच्या वर्गात हा प्रयोग लावला होता. एका सुताराची मुलगी वर्गात होती. बोलणे कमी, पण हात फार नेमका. तिने दिव्याच्या अंतराप्रमाणे बुडबुडे मोजून वहीत लिहिले होते. 40 सेंटिमीटरला मिनिटाला 6, 30 ला 11, 20 ला 22, 15 ला 26 आणि 10 ला पुन्हा 26.

मी वर्गात नियम सांगितला होता. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, म्हणून बुडबुडे चौपट झाले पाहिजेत. 40 वरून 20 वर येताना 6 चे 22 झाले, हे जवळजवळ चौपट, छान. पण 20 वरून 10 वर येताना 22 चे फक्त 26? मी शेवटच्या दोन आकड्यांवर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिले, "पुन्हा करा." तिने पुन्हा केले. 26 व 27 आले. मी म्हटले, "अगं, नीट मोजत नाहीस तू. जलद निघाले की निसटतात." दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत 15 सेंटिमीटरला 40 आणि 10 सेंटिमीटरला 86 असे आकडे होते. मी त्यांवर बरोबरची खूण केली व पैकीच्या पैकी गुण दिले. 86 बुडबुडे मिनिटाला डोळ्यांनी मोजणे किती कठीण आहे, हाही विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही.

पुढच्या दिवाळीत भाऊबीजेच्या सुमारास मी हरद्याला धाकट्या भावाकडे गेलो होतो. सतवासहून दक्षिणेला नर्मदा ओलांडली की हरदा. त्या काळी ते होशंगाबाद जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती व रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञान शिकविण्याचा एक नवा उपक्रम सुरू केला होता. मुलांनी गट करून स्वतः प्रयोग करावयाचे, निष्कर्ष चर्चेतून काढावयाचा, आणि परीक्षेलाही पुस्तक व वही जवळ ठेवावयाची मुभा. 1978 पासून तो सबंध जिल्ह्यात लागू झाला. 1982 मध्ये एकलव्य ही संस्था त्यासाठी स्थापन झाली व तिचे एक केंद्र आपल्या देवासलाही निघाले. 2002 साली सरकारने हा उपक्रम बंद केला. तो का केला यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी शिरत नाही.

माझा पुतण्या तेव्हा सातवीत होता. मी सहज त्याची वही चाळली. कोणत्या तरी मोजमापाच्या प्रयोगाचे एक कोष्टक होते, त्यात वर्गातील सर्व गटांचे आकडे ओळीने लिहिलेले. कोणाचा जास्त, कोणाचा कमी, एकाचा तर अगदीच विचित्र. एकाही आकड्यावर काट नव्हती. मी विचारले, "काय रे, तुमच्या गुरुजींनी यातला चुकीचा आकडा खोडला नाही?" तो म्हणाला, "काका, आला तो आला. खोडायचा कशाला? मग तो तसा का आला ते कसं कळणार?" भावाला हे अगदी साधे वाटले. मला मात्र रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर ती वही येत होती.

परत आल्यावर मी शाळेच्या वेळाबाहेर एकट्याने तो प्रयोग लावला. दिवा व पात्र यांच्यामध्ये पाण्याची पेटी ठेवली. माझे आकडे तंतोतंत तिच्यासारखे नव्हते, पण चाल तीच होती: 20 पर्यंत झपाट्याने वाढ, 15 नंतर वाढ जवळजवळ बंद. 10 सेंटिमीटरवर मिनिटाला 25. मग मी दिवा तिथेच ठेवून पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळविला. दहा मिनिटांनी मोजले तर 41! उजेड तोच, डहाळी तीच. वाढला तो केवळ कर्ब.

याचे स्पष्टीकरण 1905 सालीच केंब्रिजच्या फ्रेडरिक ब्लॅकमन याने करून ठेवले होते, आणि मी ते बी.एस्सी.ला पाठही केले होते. पानाच्या कामाला उजेड, कर्बवायू व उष्णतामान अशा अनेक गोष्टी लागतात. त्यांपैकी जी सर्वांत अपुरी असेल तीच कामाचा वेग ठरविते. लग्नघरात चुलीपाशी एकच बाई पोळ्या भाजीत असली, तर लाटायला दोघींच्या जागी सहा जणी बसविल्या तरी पंगतीला जाणाऱ्या पोळ्या वाढत नाहीत. लाटलेल्या पोळ्यांची नुसती चळत होते. दुसरी चूल पेटविली पाहिजे. दिवा 40 वरून 20 वर आणेपर्यंत अपुरा होता तो उजेड, म्हणून उजेडाप्रमाणे बुडबुडे वाढले. त्यापुढे अपुरा पडला कर्बवायू. तेव्हा दिवा कितीही जवळ आणला तरी उपयोग नव्हता. त्या मुलीच्या 26 आणि 26 या आकड्यांत हे सर्व लिहिलेले होते, आणि मी त्यावर लाल रेघ मारली होती.

येथे एखादा चौकस मुलगा विचारील की सोड्याने वाढला तो प्राणवायू सोड्यातल्या कर्बवायूमधूनच सुटला असेल. तसे नाही. 1941 साली कॅलिफोर्नियात रूबेन, केमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जड जातीचा प्राणवायू वापरून दाखविले की बुडबुड्यातील प्राणवायू पाण्यातून येतो. पाणी फोडून जो हायड्रोजन मिळतो तो शेवटी कर्बवायूच्या खाती जमा व्हावा लागतो. घेणारा नसेल तर पाणी फोडण्याचे कामही मंदावते.

हायड्रिलावरील मोजणीचे नाव काढले की आपल्या देशातील एका थोर शास्त्रज्ञाचे स्मरण केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. जगदीशचंद्र बोस यांनी 1917 साली कलकत्त्यात स्थापन केलेल्या आपल्या संस्थेत हीच वनस्पती घेऊन वर्षानुवर्षे काम केले आणि 1924 मध्ये प्रकाशसंश्लेषणाच्या शरीरक्रियेवर इंग्रजीत एक सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. डोळ्यांनी बुडबुडे मोजण्यातील कच्चेपणा त्यांना ठाऊक होता. बुडबुडे लहान-मोठे असतात. दहा लहान व दहा मोठे एकाच मापाचे कसे धरावे? म्हणून त्यांनी सारख्याच आकारमानाचे बुडबुडे सोडणारे आणि त्यांची नोंद आपोआप करणारे यंत्र बनविले. त्या मोजणीत त्यांना असे दिसले की उन्हाळ्यातील हायड्रिला व हिवाळ्यातील हायड्रिला सारख्या वागत नाहीत. उन्हाळी रोपांत मॅलिक आम्ल जमते आणि थोड्या कर्बवायूतही ती अधिक चांगले काम करतात. हे त्या वेळच्या कोणत्याही पुस्तकाशी जुळणारे नव्हते. बोसांनी ते जसे आले तसे छापले. ज्वारी, मका, ऊस या पिकांत कर्बवायू आधी चार कर्बांच्या आम्लात साठवून मग वापरण्याची निराळी रीत असते, ही गोष्ट 1960 नंतरच्या दशकात उलगडली. हायड्रिला हीच रीत उन्हाळ्यात, कर्बवायूची टंचाई झाली म्हणजे, एकेका पेशीच्या आत वापरते, हे तर विसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. त्यानंतर लोक मागे वळून बोसांची पाने चाळू लागले.

बोसांचे यंत्र आपल्याजवळ नाही. पण बुडबुड्यांच्या संख्येऐवजी त्यांचे घनफळ मोजणे घरीही जमते. एक मिलिमीटर पोकळीची काचेची बारीक नळी घ्यावी. डहाळीवर नरसाळे पालथे घालून त्याच्या तोंडाशी ही पाण्याने भरलेली नळी जोडावी आणि दहा मिनिटांत जमलेल्या वायूच्या स्तंभाची लांबी पट्टीने मोजावी. समजा ती 40 मिलिमीटर भरली. नळीच्या पोकळीचे क्षेत्रफळ 0.785 चौरस मिलिमीटर. म्हणजे वायू 31.4 घन मिलिमीटर, मिनिटाला 3.14. तासाचे झाले सुमारे 188 घन मिलिमीटर. बुडबुड्यात थोडा नत्रवायूही मिसळलेला असतो, तो तूर्त सोडून देऊ. एक घन सेंटिमीटर प्राणवायूमागे सुमारे सव्वा मिलिग्रॅम साखर तयार होते, या हिशेबाने आपली डहाळी तासाला जेमतेम 0.23 मिलिग्रॅम साखर शिल्लक टाकते. गव्हाच्या एका दाण्याचे वजन साधारण 40 मिलिग्रॅम. तेवढ्या वजनाची साखर करायला या डहाळीला पावणेदोनशे तास अखंड उजेड लागेल. मुलांना हा हिशेब करून दाखविल्यावर ताटात टाकलेल्या पोळीकडे ती निराळ्या नजरेने पाहतात, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना तळ्यावर जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी पालकाच्या पानांचा एक सोपा प्रकार सांगतो. एक लिटर पाण्यात 2 ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्यापेक्षा किंचित कमी, विरघळवावा व भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब पाण्यात पातळ करून त्यात टाकावा. जाड शिरा टाळून कागदाला भोके पाडण्याच्या पंचने पालकाच्या दहा चकत्या काढाव्यात. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये चकत्या व थोडे सोड्याचे पाणी घ्यावे, आतील हवा बाहेर काढावी, अंगठ्याने तोंड घट्ट बंद करून दट्ट्या मागे ओढावा, दहा सेकंद धरून सोडावा. असे दोन-तीनदा केले की पानाच्या आतल्या पोकळ्यांतील हवा निघून जाते, तिथे पाणी शिरते व चकत्या बुडतात. त्या पेल्यात ओतून दिव्याखाली ठेवाव्यात आणि दर मिनिटाला तरंगलेल्या चकत्या मोजाव्यात. आत प्राणवायू साठला की एकेक चकती डुलत वर येते. दहापैकी पाच वर यायला लागलेला वेळ लिहून ठेवावा. वेळ जितका कमी तितका वेग अधिक. नंतर पेला अंधाऱ्या कपाटात ठेवला तर श्वसनात प्राणवायू संपून चकत्या पुन्हा बुडू लागतात. हे पाहायला लहान मुलेही तासभर हलत नाहीत.

त्या सुताराच्या मुलीला नंतर मी काय सांगितले, असे माझ्या पत्नीने हा मजकूर वाचून विचारले. मी सत्य परिस्थिती लिहितो. मी प्रयोग पुन्हा केला तोवर ती दहावी होऊन शाळेतून गेली होती आणि पुढे लग्न होऊन खातेगावच्या बाजूला राहावयास गेली. सात-आठ वर्षांनी बाजारात भेटली, कडेवर मूल होते. मी तिला म्हणालो, "तुझे ते सव्वीसच बरोबर होते." तिला आधी कशाविषयी बोलतो आहे ते कळेना. मग हसली आणि म्हणाली, "सर, मला माहीत होतं. मी तीनदा मोजले होते."

उन्हाळ्याच्या सुटीत ट्रस्टच्या सभागृहात हे दोन्ही प्रयोग मांडण्याचे मी कबूल केले आहे. हायड्रिला मी आणीन. पालक, खाण्याचा सोडा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ मुलांनी आणावे; सिरिंज माझ्याकडे सहा आहेत, सुया मी आधीच काढून टाकल्या आहेत. वहीत शाईच्या पेनाने लिहावे, खोडरबर आणू नये.